सतरंजीवर बसून राहिलेली मुलं

वार्षिक परीक्षा संपल्या की पुण्यात सदाशिव पेठेपासून बाणेरपर्यंत उन्हाळी नाट्यशिबिरांचे फलक लागतात. अलीकडे त्यांच्या शेजारी 'मोबाईलवर फिल्म बनवा' हा फलकही असतो. मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच: स्टेज डेअरिंग, व्यक्तिमत्त्व विकास, शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रयोग. यातलं चांगलं शिबिर कोणतं हे ओळखायची एक साधी खूण आहे. शिबिर सुरू असताना कधीही हॉलचं दार उघडावं आणि सतरंजीवर नुसती बसून असलेली मुलं मोजावीत.

हिशेब करून बघा. दहा दिवस, रोज तीन तास, म्हणजे तीस तास. वीस मुलं, एक शिक्षक, आणि तालमीत एका वेळी पाच मुलं उभी. सगळ्यांना अगदी सारखी वाटणी झाली तरी एका मुलाच्या वाट्याला साडेसात तासच काम येतं. प्रत्यक्षात सारखी वाटणी होतच नाही. ज्या दोघा-तिघांचा आवाज चांगला, पाठांतर चांगलं, ती पंचवीस तास उभी असतात. 'गावकरी दोन' झालेला मुलगा दहा दिवस सतरंजीचे धागे उसवत बसतो आणि घरी जाऊन सांगतो की नाटक बोअर असतं. फिल्मच्या शिबिरात तर मुलं रिकामी राहणं आणखी सोपं, कारण कॅमेरा एकच असतो. शिबिराची सगळी आखणी या एका गोष्टीपासून सुरू करावी: कोणतंही मूल सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त रिकामं राहणार नाही.

त्यासाठी गटाचा आकार आधी ठरवावा, फी नंतर. नाटकाला एका शिक्षकामागे बारा मुलं आणि हाताशी एक मदतनीस. वीस मुलं आली तर दोन गट, दोन वेगळी छोटी नाटकं. फिल्मला सहा-सहांचे गट, त्याहून मोठे नकोत. वयाचे तीन तुकडे नीट पडतात: आठ ते दहा, अकरा ते तेरा, चौदा ते सोळा. आठ वर्षांचा आणि पंधरा वर्षांचा एकाच खोलीत ठेवला की मोठे दिग्दर्शक होतात आणि धाकटे झाडं होतात. आठच्या आतल्या मुलांना फिल्मच्या शिबिरात घेऊच नये. त्यांना खेळ, गाणी, सोंगं यांचं एक तासाचं सत्र पुरतं.

वेळ सकाळची, आठ ते अकरा. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि साडेअकराला पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या हॉलमध्ये मुलांचं अंग गळून जातं. मधे पंधरा मिनिटांची डब्याची सुट्टी ठेवावी. डबा घरचाच असावा. चिप्सची पाकिटं आणि थंड सरबत नको, कारण सातव्या दिवशी निम्म्या मुलांचे घसे बसलेले असतात आणि त्याचं निम्मं कारण हे असतं.

उरलेलं निम्मं कारण ओरडणं. 'शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे' असं सांगितलं की मूल गळ्याच्या शिरा ताणतं. आवाज लांब नेण्यासाठी श्वास लागतो. मुलांना सतरंजीवर उताणं झोपवावं, पोटावर एक पुस्तक ठेवावं आणि श्वास घेताना पुस्तक वर जाऊ द्यावं, सोडताना खाली. पाच मिनिटं. मग उभं राहून तोच श्वास, आणि 'स' हा आवाज एका सुरात वीस मोजेपर्यंत. मग वाक्य. हे रोज केलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी फरक ऐकू येतो. शिवाय यात सगळी मुलं एकाच वेळी कामाला लागलेली असतात.

पुण्यातल्या शिबिरांत आता एक गोष्ट गृहीतच धरावी लागते: अर्धी-अधिक मुलं इंग्रजी माध्यमाची असतात. ती घरी मराठी अस्खलित बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. पहिल्याच दिवशी छापील संहिता हातात दिली की हीच मुलं एकेक अक्षर लावत, मान खाली घालून वाचतात आणि बाकीच्यांना वाटतं की याला नाटक जमत नाही. त्याला फक्त वाचन जमत नसतं. म्हणून पहिले चार दिवस कागद नकोच. सगळं तोंडी. कागद येईल तेव्हा अक्षर सोळा ते अठरा पॉइंटचं असावं, दोन ओळींत मोकळी जागा असावी आणि प्रत्येक मुलाच्या वाक्यांखाली त्याच्या रंगाची रेघ. उच्चारांसाठी आपल्याकडे तयार सामान आहे. 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' याने ळ सुधारतो, 'चटईला टाचणी टोचली' याने ट आणि च. 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च वेगळा असतो, 'जागा' मधला ज आणि 'जीव' मधला ज वेगळा, हे मुलांना सांगितलं की त्यांना फार मौज वाटते. ती घरी जाऊन आजीची परीक्षा घेतात.

आता गोष्ट. तयार संहिता घेऊन ती बसवणं सोपं वाटतं, पण त्यात भूमिका असतात सात आणि मुलं असतात बारा. मग उरलेल्या पाचांसाठी गर्दी, झाडं, नाच असं काहीतरी जोडलं जातं. त्यापेक्षा मुलांकडूनच नाटक उभं करावं. त्याची रीत अशी. पहिल्या दिवशी जागा ठरवायच्या: पीएमपी बसचा थांबा, सोसायटीचं पार्किंग, शाळेची व्हॅन, रसवंतीगृह. दुसऱ्या दिवशी तीन-तीन मुलांचे गट आणि एकच सूचना: एकाला काहीतरी हवंय, दुसरा ते देत नाहीये, तिसरा मधे आहे. गटांना तयारीला पाच मिनिटं, करून दाखवायला तीन मिनिटं. सगळे गट एकाच वेळी तयारी करतात, म्हणजे कुणी रिकामं नाही. प्रत्येक प्रवेश फोनवर रेकॉर्ड करायचा. शिक्षकाने रात्री तो ऐकून मुलांच्याच तोंडची चांगली वाक्यं उतरवून घ्यायची. तीन-चार दिवसांत दहा-बारा मिनिटांची संहिता तयार होते. त्यात बाराही जणांना काम असतं आणि शब्द त्यांचेच असल्यामुळे पाठांतर जवळजवळ झालेलं असतं.

रसवंतीगृहाचा प्रवेश घेऊ. पहिल्या फेरीत मुलं असं करतात:

"अरे, मला फार तहान लागली आहे."
"मलाही फार तहान लागली आहे. पण आपल्याकडे पैसे कमी आहेत."
"हो ना. आता काय करायचं?"

इथे सगळं तोंडाने सांगून झालं, करायला काहीच उरलं नाही. इथे शिक्षकाने वाक्यं काढून घ्यावीत आणि म्हणावं, न बोलता करा. मग एक मुलगी खिसे उलटे करते. नाणी तळहातावर मोजते. एक नाणं खाली पडतं, ते मित्राच्या चपलेखाली जातं, आणि तो चप्पल उचलत नाही. एवढ्यात नाटक सुरू झालं. आता वाक्य एकच पुरतं: "पाय उचल." तहान हा शब्दही लागत नाही. हे मुलांना एकदा दिसलं की पुढच्या प्रवेशात ती स्वतःच वाक्यं गाळायला लागतात.

मुलांच्या रोजच्या जगण्यातून बालनाट्य उभं करायचं ही कल्पना पुण्याला नवी नाही. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत थिएटर ॲकॅडमी ही नाट्यसंस्था आणि अभिनेते मोहन आगाशे यांनी १९८० च्या दशकात इथे आणली. राजा, राक्षस आणि परी यांच्या जागी आई-बाबा, शाळा, शेजार असे विषय मंचावर आले. ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका मोठे नट करतात. शिबिरात मुलंच मुलं होतात, म्हणजे काम आणखी सोपं. राजा-राणीला माझी हरकत नाही, पण दहा वर्षांच्या मुलाने राजा केला की तो टीव्हीवरचा राजा करतो. सोसायटीचा वॉचमन करायला सांगितलं तर त्याने पाहिलेला माणूस करतो. खुर्ची कशी टेकवतो, गाडी आली की आधी नंबर बघतो की माणूस, हे त्याला ठाऊक असतं.

स्नेहसंमेलनाच्या सवयी मोडायला मात्र दोन-तीन दिवस जातात. पहिली सवय, प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत उभं राहणं. शाळेत समोर एकच माइक असतो, सगळे त्याच्यापुढे ओळीने येतात, म्हणून ही सवय. उपाय: मंचावर एक बाक, एक स्टूल आणि जमीन अशा तीन उंच्या ठेवायच्या आणि नियम करायचा की कोणत्याही क्षणी तिन्ही उंच्यांवर कुणीतरी असलं पाहिजे. मधेच 'स्टॅच्यू' म्हणायचं आणि मोबाईलवर फोटो काढून त्यांनाच दाखवायचा. ओळ झालेली त्यांची त्यांना दिसते. दुसरी सवय, प्रत्येक शब्दाला हातवारा: 'मी' म्हणताना छातीवर हात, 'तू' म्हणताना बोट, 'आकाश' म्हणताना छताकडे. आणि तिसरी, पाठांतराचा सूर, पाढे म्हणतात तसा. या दोन्हींवर एकच औषध आहे, हाताला काम. भुईमुगाच्या शेंगा किंवा मटार सोलत, सतरंजीची घडी घालत संवाद म्हणायला लावायचे. हात गुंतले की हातवारे थांबतात आणि लक्ष शेंगेवर गेलं की सूर तुटतो. शेंगा सोलून झाल्या की खायला मिळतात, हा फायदा वेगळाच.

वाक्य विसरणं होणारच. विंगेतून वाक्य सुचवणारा प्रॉम्प्टर ठेवू नये. प्रॉम्प्टर आहे म्हटलं की मुलं विंगेकडे बघत राहतात. त्याऐवजी एक करार करावा: कुणी अडकलं तर मंचावरचा दुसरा कुणीही त्याला पात्राच्या नावाने एक प्रश्न विचारेल. आठव्या दिवसापासून तालमीत मुद्दाम एकाला कानात सांगून वाक्य गाळायला लावायचं आणि बाकीचे कसे सावरतात ते बघायचं. याचा सराव झाला की प्रयोगात कुणी घाबरत नाही. याच दिवशी चार-पाच परकी माणसं प्रेक्षक म्हणून बसवावीत. पहिल्यांदा माणसं दिसली की मुलं आईला शोधतात, हात हलवतात, हसतात. ते तालमीत होऊन जाऊ द्यावं.

फिल्मकडे वळताना पालकांचा पहिला प्रश्न असतो, कॅमेरा कोणता लागेल. गेल्या पाच-सहा वर्षांतला कोणताही बरा फोन चालतो. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्याला आली, तिच्याच स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. एवढे मोठे स्टुडिओ बांधले जात ते ऊन आणि आवाज आपल्या ताब्यात राहावेत म्हणून. मुलांना फिल्ममध्ये शिकायचं असतं ते हेच. फोनचं मॉडेल त्यानंतर येतं.

पहिल्या दिवशी गोष्ट नको. १८९५ साली फ्रान्सच्या लुमिए बंधूंनी दाखवलेल्या पहिल्या फिल्म्स जेमतेम पन्नास सेकंदांच्या होत्या, कारण त्यांच्या कॅमेऱ्यात साधारण सतरा मीटर फिल्म मावायची. कॅमेरा जागचा हलायचा नाही, कट नाही. हाच पहिला धडा. प्रत्येक मुलाने सोसायटीत किंवा गल्लीत एक जागा निवडायची, फोन भिंतीवर किंवा विटेवर टेकवायचा आणि पन्नास सेकंदांचा एकच शॉट घ्यायचा. हात लावायचा नाही, झूम करायचा नाही. वीस मुलांचे वीस शॉट एका तासात होतात. दुसऱ्या तासाला ते मोठ्या पडद्यावर बघायचे. कुणी इस्त्रीवाल्याची गाडी आणलेली असते, कुणी लिफ्टचं दार. लिफ्टच्या शॉटमध्ये चाळीस सेकंद काही होत नाही आणि मग दार उघडतं. फ्रेमच्या आत काय, बाहेर काय, आणि थांबून राहिल्यावर काय मिळतं, हे व्याख्यान न देता कळतं.

आठ ते दहाच्या मुलांना त्यानंतर स्टॉप मोशनकडे, म्हणजे एकेक फोटो जोडून हलतं चित्र करण्याकडे न्यावं. सेकंदाला बारा फोटो धरले तर दहा सेकंदांना एकशे वीस फोटो. चिकणमाती किंवा कागदी आकृत्या, फोन पुस्तकांच्या थप्पीवर चिकटपट्टीने घट्ट. तिघांचा गट: एक आकृती हलवतो, एक बटण दाबतो, एक मोजतो. दर वीस फोटोंनी बदल. बिघडतं ते दोन कारणांनी. खिडकीतलं ऊन सरकतं आणि चित्र लुकलुकतं, म्हणून पडदे ओढून एका एलईडी दिव्यावर काम करावं. आणि बटण दाबताना फोन हलतो, म्हणून टायमर किंवा इअरफोनच्या बटणाने फोटो घ्यावा.

मोठ्यांच्या फिल्मचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, कारण सगळ्यांच्या डोक्यात पंधरा मिनिटांची भयपट फिल्म असते. मुलांना एक शॉट लावायला, तालीम करायला आणि तीन-चार टेक घ्यायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. अडीच तासांच्या चित्रीकरणात मांडामांड-आवराआवर वगळता सात-आठ शॉट होतात. दोन दिवसांत पंधरा. एक शॉट सरासरी आठ सेकंद टिकतो असं धरलं तर फिल्म झाली दोन मिनिटांची. हे आधी सांगितलं की गोष्ट आपोआप आटोपशीर होते: एक जागा, दोन माणसं, एक वस्तू. माझं मत विचाराल तर दोन मिनिटांची एक फिल्म करण्यापेक्षा एकेका मिनिटाच्या दोन कराव्यात. पहिल्या दिवशी जी दोन मुलं नट, ती दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि दिग्दर्शन बघतात. सहाजणांतली बाकीची कामं अशी: दिग्दर्शक, कॅमेरा, आवाज, आणि क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला वाजवायची टाळी) व नोंदवही. नोंदवहीत शॉट नंबर, टेक नंबर, बरा की वाईट आणि का, एवढं लिहायचं. ही वही नसली की संकलनाच्या दिवशी साठ फाइल्स उघडून बघण्यात दीड तास जातो.

शॉट सुरू करायचा क्रम पाठ करून घ्यावा: शांतता, आवाज सुरू, कॅमेरा सुरू, क्लॅप, मनात तीन मोजणं, मग ॲक्शन. शेवटीही तसंच, संवाद संपल्यावर मनात तीन मोजून मगच कट. मुलं उत्साहात शेवटच्या शब्दावरच 'कट' ओरडतात आणि तो शब्द संकलनात वाचवता येत नाही.

फोनवर करायच्या गोष्टी: विमान मोड, लेन्स मऊ सुती कापडाने पुसणं, फोन आडवा, ब्यूटी फिल्टर बंद. रिझोल्यूशन १०८०पी पुरतं, त्यात एका मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे एमबी जागा जाते. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) पंचवीस आणि शटर (एक चित्र टिपायचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवता येईल असं कॅमेरा ॲप घ्यावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली तीस फ्रेमवर घेतलेल्या चित्रात कधी कधी काळसर पट्टे सरकताना दिसतात. स्क्रीनवर बोट दोन-तीन सेकंद दाबून फोकस आणि उजेड लॉक करावा, नाहीतर पांढरा शर्ट फ्रेममध्ये आला की सगळं चित्र काळवंडतं. भर उन्हात फोन तापून बंद पडतो आणि डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतात. बाहेरचं चित्रीकरण असेल त्या दिवशी लवकर जमून साडेसात ते दहा, तेही सावलीत.

सगळ्यात जास्त फिल्म्स आवाजाने बिघडतात. चित्र जरा हललं तर प्रेक्षक सांभाळून घेतात, संवाद कळला नाही तर फिल्म संपली. कॅमेऱ्याचा फोन आठ फुटांवर असेल तर त्यात नटाच्या आवाजापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून नटापासून दीड फुटावर, फ्रेमच्या जरासा बाहेर किंवा खिशात ठेवावा. खिशात असेल तर कापड घासत नाही ना ते ऐकून बघावं. पंखे, फ्रिज बंद. क्लॅपच्या टाळीवर दोन्ही फोनमधले आवाज जुळवता येतात. टाइल्सच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर गोधड्या टांगाव्यात. आणि प्रत्येक जागी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून घ्यावी, ती संकलनात दोन वाक्यांमधल्या भोकांना ठिगळ म्हणून लागते. मे महिन्यातल्या पुण्यात ही शांतता म्हणजे कोकीळ. एका शॉटमध्ये कोकीळ आहे आणि पुढच्यात नाही, हे कानाला लगेच खटकतं. साडेदहाच्या सुमारास सोसायटीत कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, पाण्याच्या टँकरची मोटर लागते. संवादाचे शॉट त्याआधी उरकावेत.

दोन माणसं बोलतानाचे शॉट घेताना मुलं हमखास कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेतात आणि पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. रेषेचा नियम शिकवायला खडू पुरतो. दोघांच्या पायांना जोडणारी रेघ जमिनीवर काढायची आणि ती रस्ता आहे असं समजायचं. कॅमेऱ्याने रस्ता ओलांडायचा नाही. एकदा मुद्दाम ओलांडून घ्यावा आणि जोडून दाखवावा, म्हणजे पुन्हा सांगावं लागत नाही.

कंटिन्युइटीचे, म्हणजे एका शॉटपासून पुढच्या शॉटपर्यंत सगळं तसंच ठेवण्याचे, घोळ इथल्या सुट्टीचे खास असतात. मे महिना लग्नसराईचा आणि मुंजींचा. पहिल्या दिवशी साधे हात असलेली नायिका दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत मेंदी काढून येते. नायकाची मुंज चित्रीकरणाच्या मधोमध आली तर केसांचं काही करता येत नाही. भूमिका ठरवण्याआधी प्रत्येकाला घरचं कार्य विचारून घ्यावं. चित्रीकरण झाल्यावर समोरून आणि बाजूने एकेक फोटो काढावा आणि तेच कपडे पिशवीत शिबिरातच ठेवून घ्यावेत.

फाइल्स व्हॉट्सॲपने पाठवू नयेत, चित्र दाबलं जाऊन धूसर होतं. केबलने लॅपटॉपवर घ्याव्यात, दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत ठेवावी, दोन्हीकडे उघडतात हे बघावं आणि मगच फोनमधून पुसाव्यात. संकलनाच्या टेबलाभोवती सहाजण उभे आणि माउस एकाच्या हातात, हा सतरंजीचाच दुसरा अवतार. त्यावर उत्तर असं: दोघांमागे एक लॅपटॉप किंवा टॅब, आणि सगळ्यांना तेच शॉट. तीन जोड्या एकाच सामग्रीतून तीन फिल्म्स करतात. एका जोडीने शेवटचा शॉट सुरुवातीला टाकलेला असतो, दुसरीने सगळे संवादच काढून टाकलेले असतात. शॉटकटसारखं मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. डाविंची रिझॉल्व्हही मोफत मिळतं, पण त्याला दमदार यंत्र लागतं. फोन स्वतःच फ्रेम रेट कमी-जास्त करतो, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज लांब शॉटमध्ये हळूहळू ओठांपासून सरकतो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ आधी स्थिर फ्रेम रेटवर बदलून घेतला की हे थांबतं. सिनेमातली गाणी वापरू देऊ नयेत. यूट्यूबवर टाकताच हक्काचा दावा येतो. मुलांनी वाजवलेली ताटली आणि खंजिरी त्याहून चांगली लागते.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण पहिल्या दिवसाच्या आत संपवायचं. फोटो आणि व्हिडिओ कशासाठी वापरणार, कुठे टाकणार, याची पालकांकडून लेखी संमती घ्यावी, आणि 'शिबिरात घ्या पण इंटरनेटवर नको' असा वेगळा पर्याय त्यात असावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे. शनिवारवाडा किंवा आगाखान पॅलेससारख्या संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नाही, रेल्वे स्टेशनवरही नाही. मुलांना तिथे नेऊन सुरक्षारक्षकाशी वाद घालत बसण्यापेक्षा जिना आणि गच्ची बरी. दुसऱ्या लेखकाची संहिता घेतली तर त्याची लेखी परवानगी, आणि तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. मुलींसाठी कपडे बदलायची बंद जागा, हॉलमध्ये कायम किमान दोन मोठी माणसं आणि त्यातली एक बाई, कुणाला कोण न्यायला येणार याची यादी दाराशी. पालकांनी प्रवेश घेताना हेच विचारावं. ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं त्यांनी बाकीचाही विचार केलेला असतो.

चौदा ते सोळाच्या मुलांना समारोपापलीकडचंही दिसत असतं. दोन वर्षांत ती कॉलेजात जातील आणि पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तालमीत शिरतील. त्यांना नटाखेरीज दुसरं एखादं काम पूर्ण जबाबदारीने द्यावं: प्रकाश, संगीत, रंगमंच व्यवस्था. वस्तूंची यादी करणारा आणि प्रयोगाआधी प्रत्येक वस्तू आपल्या जागी आहे हे तपासणारा मुलगा कोणत्याही संघाला हवा असतो.

शेवटच्या दिवसासाठी मोठं नाट्यगृह घेऊ नये. बालगंधर्वसारख्या जवळजवळ हजार खुर्च्यांच्या रंगमंदिरात दहा वर्षांचं मूल हरवून जातं. आवाज पोहोचत नाही म्हणून माइक येतात, माइकात पावलं वाजतात, आणि शिबिराचे दोन दिवस त्या मंचाची सवय करण्यात जातात. सुदर्शन रंगमंचासारखी लहान जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर सोसायटीचा हॉल. वीस बाय पंधरा फुटांची जागा चिकटपट्टीने आखावी. पन्नास वॉटचे दोन एलईडी फ्लड दोन कोपऱ्यांतून सात-आठ फुटांवरून तिरके सोडावेत. जमिनीवर ठेवले तर भिंतीवर राक्षसासारख्या सावल्या पडतात. वायर चिकटपट्टीने जमिनीला पक्की करावी. संध्याकाळचा प्रयोग गच्चीवर ठरवला असेल तर आत जायची सोय असावी, मे महिन्यात वळीव पाच-सहाच्या सुमारास गाठतो आणि त्याच्याबरोबर वीजही जाते. रंगीत तालमीत एकदा सगळे दिवे आणि स्पीकर बंद करून पूर्ण नाटक करून घ्यावं.

समारोपाला आधी फिल्म्स, मग नाटक. उलट केलं तर नाटकवाली मुलं घामाघूम होऊन रंग पुसायला जातात आणि मित्रांच्या फिल्म्स बघतच नाहीत. सगळं मिळून पाऊण तास. पाहुण्यांचं भाषण एकच, पाच मिनिटांचं, आणि तेही शेवटी. प्रत्येक फिल्मच्या आधी तिच्या सहाही मुलांनी पुढे येऊन आपलं नाव आणि काम सांगावं, 'आवाज मी केला', 'नोंदवही माझ्याकडे होती'. हॉल सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला त्याच्या गटाची मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणि संहितेची छापील प्रत हातात द्यावी. तीत बाराही जणांची नावं लेखक म्हणून असावीत.